पाच वर्षांचं पोर, नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीची आजी: एका दिवसात जंगल कुठे आणि किती चालायचं

पाचोऱ्याच्या एका ताईंनी विचारलंय की घरात पाच वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण सगळ्यांना मिळून एक दिवस खऱ्या जंगलात पायी फिरायचंय, गार्डनमध्ये नाही, तर खान्देशात कुठे जावं, कोणत्या महिन्यात, किती किलोमीटर झेपेल आणि भीती कशाकशाची बाळगावी. मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्यातली बहुतेक वर्षं पोरांना घेऊन पाटणादेवी, पाल, लळिंग असं फिरवलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी किलोमीटरचं बोलू, कारण सगळ्यांचं इथेच चुकतं. तुम्ही दोन किलोमीटर धरा, जाऊन-येऊन दोन. आणि त्याला तीन तास द्या. हे वाचून तुमच्या घरचे म्हणतील की एवढं तर आपण बाजारात चालतो, पण जंगलात पाच वर्षांचं पोर चालत नाही, ते थांबतं, बसतं, खड्ड्यात काडी घालतं, मागे जातं, परत पुढे येतं. त्याची चाल तीच आपली चाल. मी पहिल्या वर्षी हे समजून घेतलं नव्हतं, पोरांना पुढचा धबधबा दाखवायचाच म्हणून सहा किलोमीटर ओढलं, शेवटी निम्मी पोरं रडायला लागली आणि परतताना वाटेत लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने मला थांबवून सांगितलं, "बाई, आधी पोरेस्ले पानी पाजा, मंग जंगल दखाडा." ते मी आजपर्यंत पाळते. धबधब्यापर्यंत पोचलो नाही तर नाही पोचलो, तो पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

आता जागा. तुम्ही पाचोऱ्याचे म्हणजे तुमच्यासाठी पाटणादेवीच. चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटर, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात, सातमाळ्याच्या डोंगराच्या कुशीत, तिन्ही बाजूंनी कडे आणि मधून डोंगरी नावाची नदी. औट्रम हे नाव ऐकून पोरं विचारतील, तर सांगा की जेम्स औट्रम नावाचा इंग्रज अधिकारी होता ज्याने १८२५ च्या सुमारास खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, त्याच्या नावावरून कन्नडच्या घाटाला औट्रम घाट म्हणतात.

पाटणादेवी मी पहिली सांगते त्याला कारण आजी आहेत. गाडी बऱ्यापैकी जवळ जाते, गेटवर प्रवेशाची पावती फाडायची, पुढे चालायचं ते झाडीतूनच, आणि एक जुनं हेमाडपंती महादेवाचं देऊळ जंगलातच आहे, दगडी, थंडगार, तिथे आजींना बसायला सावली मिळते. मग वर चंडिकादेवीचं देऊळ. म्हणजे ज्याला जितकं झेपेल तितकं त्याने चालावं आणि तरी कोणी गाडीत बसून राहिलं असं होत नाही. सासूबाई महादेवाच्या देवळात टेकल्या, सोबत घरातलं एक मोठं माणूस थांबलं, तोपर्यंत बाकीचे ओढ्याच्या कडेने पुढे जाऊन आले, हे छान जमतं. त्यांना काठी मात्र द्या, नुसती आधारापुरती नाही, काठी आपटत चाललं की साप आधीच बाजूला होतो.

धवलतीर्थ आणि केदारकुंड हे दोन धबधबे पुढे आत आहेत, तिकडची वाट दगडगोट्यांची होत जाते, नऊ वर्षांची मुलगी जाईल पण पाच वर्षांच्याला उचलून घ्यावं लागेल, आणि ओल्या दगडावर कडेवर पोर घेऊन चालणं मला कधीच पटलं नाही. पितळखोऱ्याची लेणीही याच डोंगरात आहेत, सव्वादोन हजार वर्षं जुनी, पण पाटणादेवीकडून चढून जायचा विचार या खेपेला करूच नका, ती वेगळी ट्रिप, कन्नडच्या बाजूने गाडीने जाऊन पायऱ्या उतरून करायची.

महिना कोणता? सरळ सांगते, दिवाळी झाल्यापासून जानेवारी संपेपर्यंत. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहितीच आहे, भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, मार्चच्या मध्यापासून लहान पोरांना दहा वाजेनंतर जंगलात ठेवूच नये. पावसाळ्यात जंगल सुंदर दिसतं, फोटो छान येतात, सगळी गर्दी तेव्हाच होते, आणि सगळ्यात जास्त धोकाही तेव्हाच. डोंगरी नदी कड्यांवरून येणाऱ्या पाण्यावर चालते, वर कन्नडच्या पठारावर पाऊस पडला की खाली आपल्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी वाढतं. ३१ ऑगस्ट २०२१ ला काय झालं आठवतं ना, कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर येऊन चाळीसगावात पाणी शिरलं. तेव्हा पावसाळ्यात जायचंच असेल तर देवळापर्यंत जा, पण ओढा ओलांडून पलीकडे जाऊ नका, आणि पाणी अचानक गढूळ झालं किंवा त्यात काड्या-पालापाचोळा वाहून यायला लागला तर पोरांना हाताला धरून लगेच उंचावर निघा, सामान राहिलं तर राहू द्या.

वार पण बघा. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळा, देवीची गर्दी असते, ती असायलाच हवी, पण गर्दीत जंगल दिसत नाही. शनिवारी सकाळी सगळ्यात चांगलं. साडेसातला गेटवर असलात तर साडेदहा-अकरापर्यंत तुमचं चालून होतं.

आता खरं काम, म्हणजे पोरांना दाखवायचं काय. लोक म्हणतात बिबट्या दिसेल का, अस्वल दिसेल का. आहेत दोन्ही, पण तुम्हाला दिसणार नाहीत, आणि पाच वर्षांचं पोर सोबत असताना न दिसलेलेच बरे. पोरांना प्राण्यापेक्षा खूण जास्त आवडते. ओढ्याच्या काठच्या ओल्या वाळूत बसा, मोराचे पाय, रानडुकराचे खूर, नीलगाईचे खूर सकाळी ताजे असतात. नऊ वर्षांच्या मुलीला वही द्या आणि पाऊल काढायला सांगा, बोटं किती, नखं उमटलीत का, हे मोजायला लावा. नखं उमटली असली तर कुत्रा-कोल्ह्याची जात, नाही उमटली तर बहुधा मांजराची जात, कारण ती नखं आत ओढून चालते. एवढं एक कळलं ना, पोर पुढचं वर्षभर अंगणातली पावलं तपासत बसतं.

झाडांपैकी पाचच झाडं दाखवा, पंचवीस नाही. साग तर कुणालाही ओळखता येतो. त्याची कोवळी पानं तळहातावर चोळली की हात मेंदीसारखा लाल होतो, पण अभयारण्यात पान तोडायचं नाही, म्हणून हा खेळ आधीच कुणाच्या बांधावरच्या सागाखाली, मालकाला विचारून करून घ्या आणि लाल हात घेऊनच आत जा. नोव्हेंबरनंतर सागाची पानं खाली जाळीसारखी सापडतात, नुसत्या शिरा उरलेल्या, ती अळी मधला हिरवा भाग खाते आणि शिरा सोडते. पळस दाखवताना पानं मोजायला लावा आणि मग 'पळसाला पाने तीनच' ही म्हण सांगा, पोराला ती कायमची पाठ होते. अंजन हे आपल्या खान्देशातल्या कोरड्या जंगलांचं खरं झाड, त्याचं पान म्हणजे देठाशी जोडलेल्या दोन छोट्या पाकळ्या, पंख मिटायच्या बेतात असलेल्या फुलपाखरासारखी. कढई म्हणजे ते पांढऱ्या-गुलाबी गुळगुळीत खोडाचं झाड, पानं गळाली की कड्यावर उन्हात एकटं चमकतं, काही जण त्याला भुताचं झाड म्हणतात आणि पोरांना ते नाव लगेच आवडतं.

आणि कुडा. कुडा मुद्दाम शेवटी ठेवलाय. हिवाळ्यात त्याच्या लांब बारीक शेंगा जोडीजोडीने लटकलेल्या दिसतात. पाटण्याला, म्हणजे पाटणादेवीच्या गावी, कुडा दाखवण्यात माझा एक स्वार्थ आहे, मला तिथे गणित शिकवायला आवडतं. गणिती भास्कराचार्य, ज्यांचा जन्म १११४ चा, त्यांचं नाव पाटण्याशी जोडलेलं आहे, त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ स्थापल्याचा शिलालेख पाटण्यात आहे आणि तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथात भुंग्यांचं एक गणित आहे. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलिंध्राच्या फुलावर, आणि या दोन भागांमधल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, म्हणजे आपल्या कुड्यावर, आणि एक भुंगा केतकी आणि मालतीच्या वासाने गोंधळून हवेतच फिरत राहिला, तर एकूण भुंगे किती? नऊ वर्षांच्या मुलीला अपूर्णांक नुकतेच शाळेत भेटलेले असतात, तिला खडे गोळा करून द्या आणि महादेवाच्या देवळाच्या पायरीवर बसून सोडवू द्या. पंधरा खडे घेतले की तीन, पाच, सहा आणि एक, बरोबर बसतं. खडे तिथेच परत ठेवून यायचे. आजी सोबत बसलेल्या असल्या तर त्याही मोजतात, हे मी कितीतरी वेळा बघितलंय, शाळेत न गेलेल्या आज्या पोरांच्या आधी उत्तर सांगतात.

पाच वर्षांच्याला गणित नको, त्याला खड्डे द्या. देवळाच्या ओसरीच्या कडेला किंवा खडकाच्या आडोशाला जिथे पावसाचं पाणी येत नाही तिथल्या पिठासारख्या मातीत नरसाळ्यासारखे बारीक बारीक खड्डे असतात, प्रत्येकाच्या तळाशी एक किडा दडलेला. गवताची काडी कडेला हलकेच हलवली की तो खालून माती उडवतो, त्याला वाटतं मुंगी पडली. तुमचं पोर इथून अर्धा तास उठणार नाही, उठवूही नका.

आता भीती. बिबट्याची नको, पण या तीन गोष्टींची खरोखर ठेवा.

पहिली आग्या मोहोळ. कड्यांना आणि उंच झाडांना मोठमोठी पोळी असतात. सेंट, अत्तर, वासाचं तेल लावून जायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही, दगड तर मुळीच मारायचा नाही, धूर करायचा नाही. माश्या उठल्याच तर पोराचं तोंड ओढणीत झाकून उलट दिशेने पळायचं, हात झाडत उभं राहायचं नाही आणि पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर घोंगावत थांबतात. एकदा माझ्यासोबतच्या एका ग्रुपमधल्या माणसाने गंमत म्हणून मोबाईलवर गाणी मोठ्याने लावली होती, मी त्यांना बंद करायला लावली, त्यांना राग आला, येऊ द्या.

दुसरी खाजकुइली. हे कुणी सांगत नाही म्हणून मी जोर देऊन सांगते. दिवाळीनंतर वेलीवर सोनेरी-तपकिरी मखमली शेंगा दिसतात, इतक्या गोड दिसतात की पोर हात लावतंच. चौथीतल्या एका मुलाने माझ्या डोळ्यांदेखत मूठभर धरल्या आणि पुढचा तास त्याच्या अंगाची आग आग झाली, मला अजून तो चेहरा आठवतो. चोळायचं नाही, चोळलं की कुसं अजून आत जातात. चिकटपट्टी असली तर ती लावून उपटायची, केस निघतात, मग भरपूर पाण्याने धुवायचं, कपडे बदलायचे. म्हणून बॅगेत चिकटपट्टीचा रोल आणि प्रत्येक पोराचा एक जादा ड्रेस हवाच. आणि निघायच्या आधी गेटजवळच एक शेंग लांबून दाखवून द्या, बघितलेली गोष्ट पोर विसरत नाही.

तिसरी साप. नियम एकच, जिथे डोळा जात नाही तिथे हात घालायचा नाही, दगडाखाली, ढोलीत, पाचोळ्यात. बूट बंद, पॅन्ट पूर्ण लांबीची. चुकून चावलाच तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, पोराला चालवायचं नाही, चावलेला भाग हलू न देता उचलून गाडीत घ्यायचं आणि १०८ ला फोन लावत सरकारी दवाखान्याकडे निघायचं. जंगलात रेंज जाते, म्हणून कुठपर्यंत रेंज आहे ते जातानाच बघून ठेवा.

हरवण्याबद्दलही पोराशी आधी बोला. शिट्टी गळ्यात बांधा आणि सांगा, आम्ही दिसेनासे झालो तर शोधायला निघायचं नाही, जवळच्या झाडाला धरून बसायचं आणि तीन वेळा शिट्टी वाजवायची. घरी दोनदा खेळ म्हणून करून बघा.

माकडांचं सोपं आहे, देवळाजवळ वानरं असतात, कॅरीबॅगचा आवाज झाला की येतात, तर खाणं कापडी पिशवीत ठेवा आणि त्यांना एक शेंगदाणाही देऊ नका.

खाण्याचं म्हणाल तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी, बास. दशमी दुधात भिजवलेली असल्याने दुपारपर्यंत मऊ राहते, आजींनाही चावते. माणशी दीड लिटर पाणी, ओढ्याचं पाणी प्यायचं नाही. हिवाळा म्हटला की आपल्याकडे लगेच भरीत पार्टीचं निघतं, पण अभयारण्यात चूल पेटवायची नाही, नोव्हेंबरनंतर गवत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीने डोंगर जळतो, मी जळालेला डोंगर बघितलाय, दुसऱ्या दिवशी पाखरं घरटं होतं त्या फांदीवर येऊन बसत होती. भरीत करायचंच असेल तर परतताना ओळखीच्या कुणाच्या शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजा, जास्त चांगलं लागतं तिथे. आणि जंगलातून काही आणायचं नाही, बी नाही, पीस नाही. ज्या गावांच्या शेजारी हे जंगल आहे त्यांचं मोह, तेंदू, डिंकावर घर चालतं, आपल्याला ते आठवण म्हणून लागतं एवढाच फरक. शक्य असेल तर पाटण्याचाच एखादा मुलगा सोबत घ्या आणि त्याला दिवसाची मजुरी नीट द्या, त्याला जे दिसतं ते मला बावीस वर्षांत दिसलेलं नाही.

दुसऱ्या जागा थोडक्यात सांगते, कारण धुळे आणि भुसावळकडचेही वाचत असतील. रावेर-भुसावळवाल्यांनी पाल, यावल अभयारण्यात, सुकी नदीच्या काठाने सपाट चालता येतं. अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, गुडघेदुखीवाल्या आज्या तिथे खूश होतात. यावलकडचं मनुदेवीचं देऊळ रविवारी टाळा. धुळेकरांना लळिंग अगदी दाराशी, किल्ला चढायची गरज नाही, खालचं कुरण पुरे. साक्री तालुक्यातलं बारीपाडा मात्र जरूर करा, गावाने स्वतः राखून साडेचारशे हेक्टरच्या आसपास जंगल परत उभं केलंय, त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. उजाड डोंगराचं जंगल होऊ शकतं हे पोराला सांगण्यापेक्षा तिथे नेऊन दाखवा. तोरणमाळ मुक्कामाचं आहे, एका दिवसात ओढू नका.

सातपुड्यात गेलात तर रानपिंगळ्याची गोष्ट सांगायला विसरू नका. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला मिळालाच नव्हता, संपला असं सगळे समजत होते, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्याच शहाद्याजवळच्या जंगलात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो सापडला, एकशे तेरा वर्षांनी. घुबडाच्या जातीचा असून दिवसा फिरतो. तुमच्या मुलीला दिसेलच असं नाही, पण सकाळी नऊ वाजता निष्पर्ण फांदीवर बसलेलं छोटं गोल काही दिसलं तर ती दोनदा बघेल.

शेवटचं एक, हे मनापासून सांगते. पहिल्यांदा नोव्हेंबरात जा आणि त्याच वाटेवर फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा जा, नवी जागा शोधू नका. मुलीने वहीत कढईचं आणि पळसाचं चित्र काढलेलं असेल, तीच वही सोबत न्या. नोव्हेंबरातला हिरवा पळस तेव्हा पानं टाकून केशरी झालेला असेल, काटेसावरीखाली लाल फुलं पडलेली असतील, ओढ्याचं पाणी डबक्यांपुरतं उरलेलं असेल आणि पावलांचे ठसे त्या डबक्यांभोवतीच जमलेले असतील. पाच वर्षांचा तुम्हाला ओढत खड्ड्यांच्या जागी घेऊन जाईल, तुम्ही विसरला असाल, तो नाही.

घरी आल्यावर सगळ्यांचे मोजे उलटे करून कुसळं काढा, पोरांच्या कानामागे आणि काखेत गोचीड आहे का बघा, आणि कपडे त्याच दिवशी भिजत टाका.